नोकरी सोडून सेवा करायची आहे असं विचारणाऱ्याला माझं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा की वय ३१, ऐरोलीला आयटीत चांगली नोकरी, घरात आई आणि तू दोघंच, आणि गेले काही महिने मनात घोळतंय की हे सगळं सोडून द्यावं, साधं राहावं, लोकांच्या उपयोगी पडावं. आईचा विरोध आहे. आणि शेवटी लिहिलंयस की दोनतीनदा अन्नवाटपाला गेलास तेव्हा बरं तर वाटलंच पण मनात ‘मी किती चांगला माणूस’ असंही यायला लागलं, ते कसं घालवायचं.

मी कळव्याला राहते, रुग्णसेवेचं काम करते. मुलगी बालवाडीत होती तेव्हा सुरू केलं, आता तिचा मुलगा शाळेत जातो. आधी सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलांत नातेवाईकांना मदत, मग बरीच वर्षं खारघरला अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं तिथलं सेंटर, तिथे येणाऱ्या बाहेरगावच्या पेशंटसाठी, आणि आता जास्त करून घरी अंथरुणाला खिळलेल्यांकडे जाते. त्यामुळे माझं उत्तर त्याच अंगानं येणार.

पहिलं म्हणजे राजीनामा देऊ नकोस, निदान आत्ता तरी नाही. तुझी इच्छा खरी आहे हे मला मान्यच आहे, पण नोकरी सोडून सेवेत उतरलेली बरीच मुलं मी बघितली आणि त्यांची अडचण सहसा एकच होते, पगार थांबला की मग सेवेतूनच काहीतरी मिळावं लागतं, संस्थेत पद, मानधन, नाहीतर निदान कौतुक, आणि ते मिळालं नाही की चिडचिड सुरू, मग संस्था वाईट, डॉक्टर वाईट, पेशंटसुद्धा कृतघ्न. ज्याचं पोट दुसरीकडून भरतंय त्याला पेशंटकडून काहीच नको असतं, आभारही नको असतात. ही फार मोठी सोय आहे, ती हातची घालवू नकोस.

दुसरं, एकच काम निवड आणि वार ठरव. इतकी वर्षं काढल्यावर मला सगळ्यात जास्त किंमत कशाची वाटत असेल तर ठरल्या वेळी हजर राहणाऱ्या माणसाची. पैसे देणारे मिळतात, बिस्किटं-ब्लँकेटं देणारे तर खूपच मिळतात, वाढदिवसाला, पितृपक्षात, थंडीत रांग लागते. पण ‘दर मंगळवारी सकाळी सातला येतो’ असं म्हणून खरंच दर मंगळवारी सातला येणारा, पावसात, आयपीएलची फायनल रात्री बारापर्यंत बघून झाल्यावरसुद्धा येणारा माणूस फार कमी. आणि पेशंटचं सगळं त्याच्यावरच चालतं. तुझा आठवड्यातला एक दिवस वर्क फ्रॉम होम असेल ना, त्या दिवशी सकाळचे दोनअडीच तास दिलेस तरी पुरे आहे, पण वर्षभर दे.

काम काय असतं ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. बाहेरगावचा पेशंट येतो तेव्हा त्याच्याकडे सगळी कागदपत्रं एका कॅरीबॅगेत कोंबलेली असतात. परभणीकडचं एक जोडपं आठवतं, साडीच्या दुकानाची पिशवी, त्यात तालुक्याच्या डॉक्टरची चिठ्ठी, एक्स-रे घडी घालून ठेवलेला, मेडिकलची बिलं, लाइट बिलसुद्धा त्यातच. काकांना वाचता येत नव्हतं, मावशींना दिसत नव्हतं, आणि दोघंही भेदरलेली. मी त्यांच्या शेजारी बसले, चहा झाला का विचारलं, आणि पिशवी बाकड्यावर रिकामी केली. बायोप्सीचा रिपोर्ट सगळ्यात वर, त्याखाली सीटी किंवा पेट स्कॅन, मग रक्ताचे रिपोर्ट तारखेवार, नवीन वर जुने खाली, आधी कुठे ऑपरेशन किंवा किमो झाली असेल तर तिथलं डिस्चार्ज कार्ड. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड, ते मेणाचे छोटे ठोकळे आणि काचेच्या पट्ट्या, त्या बहुतेक वेळा गावाकडच्या लॅबमध्येच राहिलेल्या असतात. मोठ्या हॉस्पिटलमध्ये ते पुन्हा तपासतात, त्यामुळे ते नसले की काम अडतं आणि गरीब माणसाची रेल्वेची एक फेरी वाढते. काकांच्या नशिबाने मावशींनी ते पदराच्या गाठीत बांधून आणले होते, औषध आहे असं समजून.

बस, एवढंच काम. कागद लावणं, फोल्डरवर मार्करनं मोठ्या अक्षरात नाव आणि फाइल नंबर लिहिणं, कोणत्या खिडकीवर आधी जायचं ते सांगणं, आणि रांगेत त्यांच्याबरोबर उभं राहणं. यात कुठे मोठेपणा नाही, फोटो काढण्यासारखं काही नाही, आणि दहाव्या वेळी तेच केलं की कंटाळाही येतो. पण त्या माणसाचा एक आख्खा दिवस वाचतो, आणि परक्या शहरात एक दिवस वाचणं म्हणजे एका रात्रीचं भाडं आणि दोन वेळचं जेवण वाचणं.

तुझ्यासारख्या मुलाला यातला एक भाग तर खूपच छान जमेल, योजनांचा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये पेशंटला मदत करायला आरोग्यमित्र बसलेले असतात, पण आधारवर नाव एक, रेशनकार्डावर दुसरं, बापाचं नाव कुठेतरी चुकलेलं, आणि त्यापायी माणूस घरदार गहाण टाकून बसतो. धर्मादाय हॉस्पिटलांचंही तसंच. आपल्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात ४१ एए कलम आहे, त्याखाली या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, पण हे पेशंटला माहीतच नसतं आणि काउंटरवर कोणी आपणहून सांगेल असं धरून चालू नये. हे सगळे नियम नीट वाचून, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला कोणते कागद लागतात ते पाठ करून जो माणूस शांतपणे सोबत बसतो तो दहा ब्लँकेटवाल्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. भावना आहे म्हणून काम येतं असं नसतं, काम शिकावं लागतं. बाबा आमटे वरोऱ्याचे वकील, आनंदवन १९४९ चं, पण कुष्ठरोग्यांची सेवा करायची म्हणून ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनला जाऊन रीतसर शिकून आले होते. हे मला त्यांच्याबद्दलचं सगळ्यात मोठं वाटतं. एवढा मोठा माणूस वर्गात बाकावर बसला, कारण जखम धुवायची तर ती बरोबरच धुतली पाहिजे.

अंथरुणावरच्या पेशंटचं घे. घरचे लोक प्रेमानं सगळं करतात आणि पाठीला बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होतोच, कारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते हे कोणी सांगितलेलं नसतं. माकडहाडाजवळ, टाचेला, खुब्याला लाल झालं की घरचे तिथे तेल लावून चोळतात, माया म्हणूनच चोळतात, आणि आतली नाजूक झालेली कातडी आणखी दुखावते. चोळायचं नसतं, त्या जागेवरचा भार काढायचा असतो, दोन पायांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली घडी घातलेली चादर, ओली चादर लगेच बदलायची. अंग पुसताना आधी बोलायचं, ‘आजोबा, आता उजवा हात पुसते हं’, मग हात लावायचा. जेवढा भाग पुसतोय तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर. पाणी आपल्या मनगटावर बघून घ्यायचं. आणि त्यांना ऐकू येत नाही असं समजून त्यांच्या डोक्यावरून घरच्यांशी बोलायचं नाही. मला हे सगळं एका वॉर्डातल्या मावशींनी शिकवलं, आयाबाई म्हणून काम करायच्या, शाळेत फारशा गेलेल्या नाहीत, पण पेशंटला न दुखवता कुशीवर वळवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

आणि हेच तुझ्या अहंकाराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. अन्नवाटपात काय होतं की देणारा तू, घेणारा समोर हात पुढे करून उभा, त्यात वर-खाली आपोआप ठरून जातं, तू कितीही नम्र असलास तरी. त्याऐवजी अशा ठिकाणी जा जिथे तुला काही येत नाही आणि कोणाच्या तरी हाताखाली काम करावं लागतं. वॉर्डातल्या मामा-मावशी, सिस्टर, सोशल वर्कर, हे सांगतील ते करायचं, ‘दादा इथे उभे राहू नका’ म्हणाले की बाजूला व्हायचं, उलट बोलायचं नाही. ऑफिसात तुझ्या हाताखाली आठ-दहा लोक असतील, इथे तू सगळ्यात नवखा. सहा महिने असं काढलंस की मन आपसूक जागेवर येतं, वेगळं काही करावं लागत नाही.

उरलेलं अर्धं म्हणजे अशी सेवा जिचा पत्ता कोणालाच लागत नाही. तू ३१ चा, तब्येत ठणठणीत आहे असं धरून चालते, तर प्लेटलेट द्यायला लाग. किमो चालू असलेल्या लहान मुलांना त्या सारख्या लागतात आणि त्या जेमतेम ५ दिवस टिकतात, साठवून ठेवायची सोयच नाही, म्हणून दाता सतत हवा असतो. रक्तदान पुरुषाला ९० दिवसांनी आणि बाईला १२० दिवसांनी करता येतं, मशीनवर नुसत्या प्लेटलेट देणाऱ्याला मात्र ४८ तासांनीही पुन्हा देता येतात, अर्थात आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळांपेक्षा जास्त नाही. एक-दीड तास लागतो, आधी तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी, बाकी तपासणी तेच करतात. कोणाला दिल्या ते तुला कळत नाही, कोणी दिल्या ते त्या मुलाच्या आईला कळत नाही. मे महिन्यात आणि दिवाळीत सगळे गावाला जातात तेव्हा रक्तपेढ्यांची फार ओढाताण होते, त्या दिवसांत मुद्दाम जा.

मन फुगतं ते कौतुकानं हेही खरं. लोक पाया पडतात, ‘ताई तुम्ही देवासारख्या आलात’ म्हणतात. त्यांना झिडकारायचं नाही, त्यांच्याकडे द्यायला तेवढंच असतं. ‘असू दे, चला, खिडकी बंद होईल’ म्हणायचं आणि कामाला लागायचं. पण फोटोच्या बाबतीत मी अगदी कडक आहे. पेशंटचा फोटो नाही, व्हिडिओ नाही, स्टेटसला तर अजिबात नाही. केस गेलेल्या बाईला मदत घेताना मोबाइलसमोर उभं करणं मला पाप वाटतं, आणि ‘जनजागृती होते’ हे कारण मला आजवर पटलेलं नाही.

आता साधेपणाचं. साधं राहणं म्हणजे झब्बा घालून फिरणं आणि चपलेला ठिगळ असं बरेच जण समजतात. कपडे तू काहीही घाल, स्वच्छ असले की झालं. माझ्या बघण्यात सेवेच्या आड सगळ्यात जास्त काय येत असेल तर हप्ते. घोडबंदरला किंवा उलव्याला दुसरा फ्लॅट, मोठी गाडी, दर दोन वर्षांनी नवा फोन, आणि मग ते फेडायला शनिवार-रविवारसुद्धा कंपनीला विकलेले. तुला जर पुढे खरंच नोकरी कमी करायची असेल तर आत्तापासून खर्च अर्ध्या पगारात बसव. दुसरं घर घेऊ नकोस. असलेलं कर्ज आधी फेड. आईचा आणि तुझा मेडिक्लेम चांगला मोठा घे, यात काटकसर नको, मी रोज बघते ना. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेव. चारपाच वर्षं असं राहिलास की कमी पगाराची, कमी तासांची नोकरी परवडेल, तेव्हा निर्णय घे, आणि तो आईलाही पटलेला असेल.

पैशाबद्दल अजून एक, हे पाळच. पेशंटसाठी आलेला एक रुपयाही स्वतःच्या खात्यात घ्यायचा नाही. मित्र म्हणतात ‘तुला जीपे करतो, तू दे’, नको. देणाऱ्यानं थेट हॉस्पिटलच्या खात्यात किंवा मेडिकलवाल्याला द्यावं, बिल पेशंटच्या नावानं, पावती पेशंटकडे. चांगल्या माणसांमध्येही हिशोबावरून कटुता येते आणि मग पंधरा वर्षांची मैत्री तुटते, मी जवळून बघितलंय. आणि स्वतःच्या खिशातून द्यायचं तर उसने म्हणून देऊ नकोस, दिलं ते दिलं, नाहीतर तो माणूस तुला बघून रस्ता बदलायला लागतो.

तू म्हणशील गाडगेबाबांनी तर १९०५ मध्ये घर सोडलं, त्यांनी कुठे मेडिक्लेमचा विचार केला. खरंय, आणि त्यांच्यासारखं ज्याला आतूनच आलंय त्याला अडवणारी मी कोण. पण त्यांनी घर सोडून काय केलं ते बघ ना. गावात शिरले की हातात खराटा, दिवसभर झाडलोट, रात्री कीर्तन, भाकरी मडक्याच्या तुकड्यात. धर्मशाळा बांधल्या त्या इतरांसाठी, स्वतः त्यात मुक्काम करायचे नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले, आणि आज दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं राहतात, त्यातल्या कितीतरी जणांना मी स्वतः तिकडे पाठवलंय. त्यांच्याकडून आपल्याला घेता येण्यासारखं असेल तर ते रोजचं झाडणं, घर सोडणं ही त्यांची गोष्ट होती.

हॉस्पिटल तुला झेपत नसेल तरी हरकत नाही, काहींना वासानंच गरगरतं, त्यात कमीपणा नाही. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा चालते, समर्थ भारत व्यासपीठ आणि महापालिका मिळून चालवतात, सिग्नलवर गजरे-खेळणी विकणारी मुलं तिथे शिकली. येऊरच्या पाड्यांवर, दिघ्याला, तुर्भे स्टोअरला गणित-इंग्रजी शिकवणाऱ्यांची कायम गरज असते. नियम तोच, वार ठरव आणि चुकवू नकोस, मुलं तर दोन आठवडे वाट बघतात आणि तिसऱ्या आठवड्याला वाट बघणं सोडून देतात.

राहिली आई. तिचा विरोध सेवेला नाहीये असं मला वाटतं, तिला भीती आहे की मुलगा हातचा जाईल आणि म्हातारपणी आपलं काय. ती भीती चुकीची नाही. तिला आधी सांग की नोकरी सोडत नाहीये, लग्नाचा विषय निघाला की उठून जाऊ नकोस, आणि ज्या दिवशी पेशंटकडे जाशील त्या दिवशी घरी आल्यावर तिच्याजवळ बस, तिची बीपीची गोळी घेतली का विचार. बाहेर सगळ्यांची विचारपूस आणि घरात मोबाइलमध्ये तोंड, अशी माणसं खूप आहेत, त्यांच्या सेवेवर माझा विश्वास नाही. आणि तिला जमत असेल तर तिलाही यात घे. किमोनं तोंड आलेल्या पेशंटला बाहेरचं तिखट चालत नाही, आईच्या हातची बिनमिरचीची मुगाची खिचडी, मऊ भात, दुधीचं सूप असा एक डबा आठवड्यातून एकदा गेला तरी तो माणूस चार घास खातो. आधी डॉक्टरांनी काय खायला सांगितलंय ते विचारून घ्यायचं, कच्ची कोशिंबीर द्यायची नाही, डबा त्याच दिवशी सकाळी केलेला हवा.

ऐरोलीहून पनवेल लोकल पकडलीस की सरळ खारघर, पुढे अ‍ॅक्ट्रेकला रिक्षा. परस्पर जाऊन पेशंटशी बोलायला लागू नकोस. आधी मेडिकल सोशल वर्करना भेट, कोणत्या दिवशी किती वेळ देऊ शकतो ते स्पष्ट सांग, ते म्हणतील ते फॉर्म भर, आणि त्यांनी महिनाभर नुसतं व्हीलचेअर ढकलायला सांगितलं तरी ढकल. पहिल्या दिवशी पिशवीत स्टेपलर, पंच, मार्कर, दोन पेन, पाचसहा प्लास्टिकचे फोल्डर आणि पाण्याची बाटली ठेव. सकाळी नाश्ता करून जा, तिथे गेल्यावर दुपारपर्यंत वेळ मिळत नाही.